प्रस्तावना : दोघांच्या वाटेवर तिसरा

शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या गुरुवारच्या प्रार्थनेला कोण येणार, हे पाळीवर ठरते. या आठवड्यात पहिली पाळी असलेले येतात, दुसरीवाले भट्टीसमोर असतात. पुढच्या आठवड्यात नेमके उलटे. गेली कित्येक वर्षे त्या खोलीत बारा-चौदा माणसे बसत आली आहेत, पण सलग दोन गुरुवारी तीच बारा-चौदा बसली असे कधी झालेले नाही. फौंड्रीत मोल्डिंगवर असणारा एकजण, लेथ चालवणारे दोघे, टेम्पोचा ड्रायव्हर, एक नर्स, पुलाची शिरोली गावातून चालत येणाऱ्या दोन आजी. दाराशी चपलांच्या ढिगात सेफ्टी बुटांचे दोन-तीन जोड. कुणीतरी ‘उपासना संगीत’मधले गीत सुरू करते, ढोलकी असली तर ढोलकीवर, नसली तर टाळ्यांवर. मग शास्त्रपाठ, एकेकाची प्रार्थना, शेवटी चहा. मुद्दाम येऊन पाहावे असे त्यात काही नाही. पण त्या खोलीत मी माणसे बदलताना पाहिली आहेत आणि मीही तिथेच बदललो. हे पुस्तक जुळवायला घेतले ते त्या ऋणापोटी.

माझा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला. आमचे घराणे कोडोलीकडचे. पणजोबांच्या काळापासून ख्रिस्ती. नाताळला नवे कपडे, रविवारी मंदिर, लग्नात पाळकसाहेब, मयताला पाळकसाहेब. पवित्र शास्त्र घरात होते, कपाटावर, कापडात बांधलेले. तिशी उलटली तरी मी ते सोडून वाचले नव्हते. मग कामावर हात भाजला आणि सहा आठवडे घरी बसावे लागले. शेजारच्या खोलीत राहणारा, आमच्याच लाइनवरचा एक माणूस रोज पाळी सुटल्यावर यायचा, हातपाय धुऊन खाटेजवळ बसायचा आणि मार्ककृत शुभवर्तमानाचा एक अध्याय वाचून जायचा. त्याचे शिक्षण चौथीपर्यंतचे. प्रत्येक शब्दाशी अडखळत, बोट ठेवत वाचायचा. माझ्यासारख्या, रविवारी ते शब्द कानांवरून वाहू देणाऱ्या माणसाला ती अडखळ फार उपयोगी पडली. तो थांबायचा तिथे मलाही थांबावे लागायचे. मार्काचे सोळा अध्याय सोळा दिवसांत संपले. सतराव्या दिवशी तो आला नाही, त्याची पाळी बदलली होती. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने ते कापड सोडले.

यात दैवी प्रकाश पडला नाही, आवाज ऐकू आला नाही. तरी माझ्या आयुष्याचे आधीचे आणि नंतरचे असे दोन भाग पाडायचे तर रेघ तिथे ओढावी लागेल. अशा रेघांना मराठी ख्रिस्ती लोक काय म्हणतात, त्या आपल्या प्रांतात कशा आणि कुठे उमटल्या, कोणी त्या समजावून सांगितल्या, हे या विषयाशी ओळख नसलेल्या वाचकाला कळावे म्हणून ही लांबलेली प्रस्तावना.

आधी शब्द. मंडळीत ‘नवा जन्म’, ‘नवजीवन’ आणि ‘संजीवन’ असे तीन शब्द कानी पडतात. नवा जन्म एका माणसाचा, आणि नवजीवन हे त्यापुढचे त्याचे जगणे. नव्या जन्माचे मूळ योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात आहे. निकदेम नावाचा यहुदी गुरू रात्री, लोकांच्या नजरा चुकवून येशूकडे येतो आणि पुन्हा जन्मण्याविषयीचे बोलणे ऐकून गोंधळतो. मूळ ग्रीक शब्दाचे दोन अर्थ आहेत, ‘पुन्हा’ आणि ‘वरून’. निकदेम पहिला अर्थ घेतो, येशूच्या बोलण्यात दुसराही आहे. हा गोंधळ आजतागायत चालू आहे. कितीतरी माणसे पुन्हा सुरुवात करू पाहतात, नव्या वर्षाचे संकल्प करतात, आणि पंधरा दिवसांत थकतात. ‘वरून’ हा अर्थ राहूनच जातो. संजीवन हा शब्द मात्र बहुधा अख्ख्या मंडळीसाठी वापरतात. यहेज्केलाच्या सदतिसाव्या अध्यायात सुकलेल्या हाडांच्या खोऱ्यावर वारा वाहतो आणि हाडे उभी राहतात, ते संजीवन. ‘संजीवन सभा’ म्हटले की आज मांडव, ध्वनिक्षेपक आणि बाहेरून आलेला वक्ता डोळ्यांसमोर येतो. शब्दाची ती थोडी झीज आहे.

चौथा शब्द ‘सहभागिता’. हा सर्वांत कमी समजला जातो, कारण तो फार सोपा वाटतो. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात पहिल्या मंडळीचे वर्णन आहे: शिक्षण, सहभागिता, भाकर मोडणे आणि प्रार्थना. तिथला ग्रीक शब्द वाटा घेण्याशी, भागीदारीशी जोडलेला आहे. शिरोलीत भागीदारी म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही: नफ्यात वाटा, तोट्यातही वाटा.

या चारही शब्दांना एकत्र बांधणारी गोष्ट लूकाच्या चोविसाव्या अध्यायात आहे आणि सारे पुस्तक मी तिच्या आधाराने जुळवले आहे. येशूला वधस्तंभावर मारून तिसरा दिवस. दोन शिष्य यरुशलेमहून अम्माऊस नावाच्या गावाकडे पायी चालले आहेत, खचलेले. अंतर साठ स्टेडिया, म्हणजे सुमारे अकरा किलोमीटर. आमच्या फाट्यावरून पेठ वडगाव जवळपास तेवढेच पडेल. वाटेत तिसरा कोणी त्यांना गाठतो, शास्त्र उलगडून सांगतो, संध्याकाळ झाली म्हणून ते त्याला आग्रहाने थांबवून घेतात, आणि जेवताना तो भाकर मोडतो तेव्हा तो येशूच आहे हे त्यांना कळते. कळताच तो दिसेनासा होतो. आणि ते दोघे, दिवसभर चाललेले, त्याच रात्री तेवढेच अंतर उलटे चालत इतरांकडे परततात. विश्वास, वचन आणि सहभागिता ही तीन नावे मी पुढे वापरणार आहे, पण त्या वाटेवर ती वेगळी करता येत नाहीत. एकटा चालणारा असता तर ही गोष्ट घडली असती का, हा प्रश्न मला वर्षानुवर्षे पुरला आहे.

मराठीत ही वाट किती जुनी? अनेकांना वाटते तिच्याहून बरीच जुनी. १५७९ साली गोव्यात आलेला थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १६१६ मध्ये ‘क्रिस्तपुराण’ प्रसिद्ध करतो. जवळपास अकरा हजार ओव्या, छापलेल्या रोमन अक्षरांत, पण भाषा मराठी, छंद मराठी आणि घाट पुराणाचा. बायबलचे शब्दशः भाषांतर त्याने केले नाही. समोर बसलेल्या श्रोत्याला ज्या लयीची सवय होती त्या लयीत कथा सांगितली. गोव्यातल्या त्या काळाला सत्तेची आणि सक्तीची काळी बाजू आहे, ती नाकारून पुढे जाता येणार नाही. तरी हा ग्रंथ लोक गात राहिले ते सक्तीने नव्हे. पवित्र वचन कानाने ऐकायचे असते, चारचौघांत ऐकायचे असते, ही मराठी माणसाची जुनी समजूत स्टीफन्सला नेमकी उमगली होती. हा पहिला प्रवाह, ऐकण्याचा.

दुसरा प्रवाह छापखान्याचा. दूर बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम केरीने पंडित वैजनाथांच्या मदतीने मराठीचा अभ्यास केला. १८०५ मध्ये त्याचे मराठी व्याकरण निघाले आणि १८११ मध्ये नवा करार. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, तिथून अमेरिकन मराठी मिशन सुरू झाले. हॉल १८२६ मध्ये प्रवासात पटकीने वारला. १८३१ मध्ये अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, मिशनचे ठाणे झाले आणि १८४२ मध्ये तिथून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागले. या प्रवाहाचा भर वाचण्यावर होता: शाळा काढा, अक्षर शिकवा, पुस्तक हातात द्या. त्यातून बाबा पदमनजींसारखा माणूस घडला. १८३१ मध्ये बेळगावात जन्म, १८५४ मध्ये तिथेच बाप्तिस्मा, १८५७ मध्ये विधवांच्या दुःखावरची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी आणि १८८८ मध्ये ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र. आपल्या मनाचा बदल टप्प्याटप्प्याने, शंका लपवून न ठेवता कसा सांगावा, याचा मराठीतला पाया ‘अरुणोदय’ने घातला. आमच्या मंडळ्यांत ‘साक्ष’ देताना लोक उभे राहतात तेव्हा त्यांना ठाऊक नसते, पण ते पदमनजींच्या वाटेनेच बोलत असतात.

कोल्हापूरची गोष्ट १८५२ मध्ये सुरू होते. रॉयल गूल्ड वाइल्डर हा अमेरिकन मिशनरी अहमदनगरहून इथे आला. संस्थानी राजधानी, अंबाबाईचे क्षेत्र, रस्ते नाहीत, ओळखीचे कोणी नाही. त्याने शाळांवर भर दिला. पुढे हे काम अमेरिकेच्या प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेले आणि कोल्हापुरातून कोडोली, वडगाव, सांगली, मिरज असे पसरले. वाइल्डरचा मुलगा रॉबर्ट कोल्हापुरातच १८६३ मध्ये जन्मला. १८८६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत माउंट हर्मन इथे विद्यार्थ्यांचे शिबिर भरले, त्यात परदेशी सेवेसाठी शंभर तरुणांनी नावे दिली. त्या शंभरांमागे ज्यांची प्रार्थना आणि खटपट होती त्यांत हा कोल्हापुरात जन्मलेला रॉबर्ट अग्रभागी होता. त्यातून जी विद्यार्थी चळवळ उभी राहिली तिने पुढे हजारो माणसे जगभर पाठवली.

डॉक्टर विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये भारतात आले आणि त्यानंतरच्या दशकात मिरजेला रुग्णालय उभे राहिले. राजर्षी शाहू महाराजांचा या डॉक्टरांवर लोभ होता. महाराजांनी कोल्हापुरात जातीजातींची वसतिगृहे उभी केली त्यांत ख्रिस्ती मुलांचेही एक होते. आमच्या भागातल्या जुन्या ख्रिस्ती घरांत आजही ‘मिरजेला’ हा शब्द दोन अर्थांनी उच्चारला जातो, उपचाराला आणि नर्सिंग शिकायला. खाटेशेजारी बसून केलेली सेवा ही अनेक घरांची सहभागितेशी पहिली ओळख होती. त्या घरांत वचन त्यानंतर पोहोचले.

पण या विषयात मला सर्वांत जास्त थांबायचे आहे ते केडगावला, पंडिता रमाबाईंपाशी.

पंडिता रमाबाईंचे नाव सर्वांना माहीत असते, त्यांच्या सुधारणा माहीत असतात. त्यांच्या आतल्या प्रवासाकडे मात्र आपण फार कमी पाहिले. १८५८ चा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी मुलीला संस्कृत शिकवण्याचे धाडस केले. दुष्काळात आई-वडील गेले. पती बिपिनबिहारी मेधावी लग्नानंतर दोन वर्षांच्या आत वारले. लूकाचे शुभवर्तमान त्यांच्या हाती आले ते घरातल्याच पुस्तकांमधून. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा. इथे कथा संपली असे बहुतेक चरित्रे मानतात. रमाबाई स्वतः मात्र तसे मानत नाहीत. आपल्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षे त्यांच्याजवळ ख्रिस्ताचा धर्म होता, ख्रिस्त नव्हता. तत्त्वे पटली होती, मन कोरडे होते. ही कोरड फिटायला आठ वर्षे लागली. या मधल्या काळात त्या अमेरिका फिरल्या, १८८९ मध्ये मुंबईला शारदासदन काढले, ते पुण्याला नेले, टीका सोसली, कीर्ती मिळवली. बाहेरून पाहणाऱ्याला त्या यशाच्या शिखरावर होत्या. आणि नेमक्या त्याच दिवसांत त्या शोधत होत्या.

जन्माने ख्रिस्ती असलेल्या माझ्यासारख्यांना हा भाग वाचून धीर येतो. बाप्तिस्मा आणि नवे जीवन यांच्यात आठ वर्षांचे अंतर एवढ्या मोठ्या बाईच्या आयुष्यात असू शकते, तर आपल्यात ते तीस वर्षांचे असले म्हणून सारे संपले असे नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली वाचवून आणल्या आणि केडगावच्या माळावर मुक्ती सदन हा त्यांचा आश्रम वाढला. १९०५ च्या सुरुवातीला त्यांनी मुलींना रोज प्रार्थनेसाठी जमायला बोलावले. सत्तरेक जणी पुढे आल्या, संख्या वाढत गेली. जूनच्या अखेरीस तिथे जे घडले त्याला केडगावचे संजीवन म्हणतात. रडणे, पापाची कबुली, तासन् तास प्रार्थना, अनोळखी भाषांत उच्चार. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरच्या ज्या सभांपासून पेंटेकॉस्टल चळवळीचा इतिहास मोजायची रीत आहे, त्या सुरू व्हायला तेव्हा अजून दहा महिने होते. मुक्तीतल्या मिनी एब्रम्स यांनी याविषयी लिहिलेली पुस्तिका दक्षिण अमेरिकेत चिलीतल्या वालपराइसोपर्यंत पोहोचली आणि १९०९ मध्ये तिथे जी जागृती झाली तिला या वृत्तांताने वाट करून दिली. पुणे जिल्ह्यातल्या दुष्काळग्रस्त मुलींच्या प्रार्थनेचा धागा चिलीतल्या मंडळ्यांपर्यंत जातो, हे आपल्या शाळेच्या पुस्तकांत यायला हवे होते.

या संजीवनानंतर रमाबाईंनी काय केले? भाषांतर. आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून साऱ्या बायबलचे सोपे मराठी करण्यात घालवली. शिकलेल्या पंडितांसाठी बायबल होतेच. त्यांना मुक्तीतल्या मुलींना कळेल अशी भाषा हवी होती. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच स्त्रियांच्या हातून झाली. १९१३ मध्ये नवा करार निघाला. एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली. त्या दुःखातही काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या तेव्हा मजकूर तपासून झाला होता. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आले. संजीवनाची खूण कोणती, असे मला कुणी विचारले तर मी त्या मुलींच्या रडण्याकडे बोट दाखवणार नाही. रोज टेबलाशी बसून एकेका शब्दासाठी झटणाऱ्या त्या म्हाताऱ्या बाईकडे दाखवीन.

तिसरा प्रवाह भक्तीचा, आणि त्याचे नाव नारायण वामन टिळक. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला; १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा झाला. पत्नी लक्ष्मीबाई पाच वर्षे वेगळ्या वाटेवर राहिल्या. त्यांचा बदल प्रवचनातून झाला नाही. जातीची सोवळी-ओवळी देवाने केली की माणसाने, या प्रश्नाशी झगडत, पाणी आणि स्वयंपाक यांच्या रोजच्या व्यवहारातून तो झाला, आणि १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. ‘स्मृतिचित्रे’ हे मराठी गद्यातले रत्न आहे हे सगळे जाणतात. नव्या जन्माचा तो किती प्रामाणिक दस्तऐवज आहे याकडे मात्र वाचकाने मुद्दाम लक्ष द्यावे. टिळकांनी अभंग, ओवी, कीर्तन मंडळीच्या उपासनेत आणले. आमच्या गुरुवारच्या खोलीत जी गीते आपोआप ओठांवर येतात त्यांतली कितीतरी त्यांची. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यासवृत्ती पत्करली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ भरवला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून तिथे एकत्र बसतील अशी त्यांची कल्पना होती. दोन वर्षांत, मे १९१९ मध्ये, ते गेले आणि प्रयोग अर्धा राहिला. ‘ख्रिस्तायन’ही अपुरे राहिले होते, ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. या धाटणीचा आणखी एक प्रयत्न म्हणजे जॅक विन्स्लोंनी १९२० च्या दशकात सुरू केलेला आणि पुण्यात स्थिरावलेला ख्रिस्त सेवा संघाचा आश्रम.

वसईच्या कॅथलिक परंपरेचे वेगळे पुस्तकच व्हावे. इथे एवढेच सांगतो की ‘सुबोध बायबल’च्या रूपाने फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ज्या गोड मराठीत बायबल आणले त्याबद्दल साहित्य अकादमीने त्यांचा गौरव केला, आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. स्टीफन्सने सुरू केलेली गोष्ट चारशे वर्षांनी मराठी साहित्याच्या मुख्य मंचावर येऊन बसली. २०२४ च्या जुलैत फादर गेले.

आता एक कबुली, जी टाळली तर हे पुस्तक खोटे ठरेल. मराठी ख्रिस्ती इतिहास आपण पदमनजी, रमाबाई, टिळक अशा नावांनी सांगतो, कारण त्यांनी लिहून ठेवले. आमच्या भागातल्या मंडळ्या उभ्या राहिल्या त्या मात्र मुख्यतः गावकुसाबाहेरच्या महार-मांग वस्त्यांतल्या माणसांवर. त्यांच्या साक्षी छापल्या गेल्या नाहीत. ख्रिस्ती होऊनही त्यांचे पाणी लगेच चालले नाही, आणि मंदिराच्या बाकांवरही जात बसली होती, काही ठिकाणी लग्न जमवताना ती आजही उभी राहते. १९७० मध्ये नागपूरला निरनिराळ्या मिशनांच्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी झाली, हा एकीचा मोठा क्षण होता. पण एकी कागदावर झाली तरी मालमत्तांचे खटले आणि गटांचे वाद अनेक गावांत चालू राहिले. या भांडणांना कंटाळून तरुण माणसे बाहेर पडली. काही पेंटेकॉस्टल मंडळ्यांत गेली, काही घरसभांत, बरीचशी कुठेच नाही. सहभागिता मोडली की वचन कपाटावर जाते. हे मी स्वतःच्या घरात पाहिले आहे.

आज शिरोलीत हा विषय का बोलायचा? कारण ही वसाहत माणसांना एकटे पाडते. उद्यमनगरात ऑइल इंजिने बनवणाऱ्या कोल्हापूरने पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल अशा वसाहती उभ्या केल्या. इथली कास्टिंगे देशभरच्या गाड्यांत आणि पंपांत बसतात. ती बनवणारा माणूस कधी कर्नाटकातला, कधी मराठवाड्यातला, कधी उत्तरेतला. खोली तिघांत, पाळ्या तिघांच्या वेगळ्या. एकाच खोलीत राहून तिघांची भेट नाही. रविवारी सगळ्यांना सुटी असतेच असे नाही. पगाराच्या रात्री दारूचे दुकान मात्र उघडे असते. हातात फोन आहे, त्यात संपूर्ण मराठी बायबल आहे, जगभरची प्रवचने आहेत. वचन इतके स्वस्त कधीच नव्हते. आणि तरी आमच्या खोलीत येणारा जवळजवळ प्रत्येकजण कुणाच्या तरी हाताला धरून आला, नुसते फोनवर ऐकून आलेला मला आठवत नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी महामार्गावर आले आणि शिरोलीजवळ वाहतूक कित्येक दिवस बंद पडली. ट्रकच्या रांगा उभ्या होत्या. आमच्या गटातल्या सात जणांनी एका घरात पिठले-भात शिजवून अडकलेल्या ड्रायव्हरांना दिला. त्या दिवसांत गुरुवार पाळता आला नाही, गीत झाले नाही, पाठ झाला नाही. पण पाणी ओसरल्यावर ज्या तिघांनी पहिल्यांदा आमच्यात पाय ठेवला, ते त्या पातेल्यांमुळे आले होते. भाकर मोडताना ओळख पटते ही लूकाची गोष्ट मला तेव्हा जास्त कळली.

फौंड्रीच्या वसाहतीत वक्त्यांना एक दृष्टान्त हमखास सुचतो: भंगार वितळते, साच्यात ओतले जाते, नवी वस्तू होते. चांगला आहे. पण फौंड्रीत काम केलेला माणूस पुढचे विचारेल. धातू ओतल्यावर साचा लगेच फोडत नाहीत. आत हळूहळू थंड व्हावे लागते. घाई केली तर कास्टिंगला तडा जातो, आणि तो तडा पुष्कळदा बाहेरून दिसतही नाही. संजीवन सभेत एका रात्रीत वितळलेली कितीतरी माणसे आम्ही पाहिली, आणि महिन्याभरात तडकलेलीही पाहिली. त्यांना साचा मिळाला नव्हता, म्हणजे रोज दार वाजवणारे, चुकले तर सांगणारे, आजारी पडले तर डबा आणणारे चार लोक मिळाले नव्हते. केडगावच्या संजीवनामागे महिन्यांची प्रार्थना होती आणि पुढे वर्षांचे श्रम होते, हे विसरून फक्त मधली रात्र मागणे बरोबर नाही.

या पुस्तकात तीन प्रकारचा मजकूर आहे. जुन्या मराठी ख्रिस्ती लेखनाची ओळख करून देणारे लेख. बायबल पहिल्यांदा हातात घेणाऱ्यांसाठी वाचनाची वाट दाखवणारी टिपणे. आणि शिरोली, हालोंडी, नागाव या भागांतल्या माणसांच्या साक्षी. साक्षी देणाऱ्यांची नावे मी मुद्दाम घातलेली नाहीत. काहींच्या घरी अजून कळायचे आहे, काहींनी दारू सोडल्याला वर्षही झालेले नाही, आणि नाव छापले की माणूस त्या नावाला जागण्याच्या ओझ्याखाली वाकतो. बोली शक्य तितकी त्यांचीच ठेवली आहे. ज्या साक्षी अपुऱ्या आहेत, ज्यांत प्रार्थना करूनही आजार गेला नाही, मुलगा परतला नाही, त्या मी वगळल्या नाहीत. स्तोत्रसंहितेच्या दीडशे स्तोत्रांत स्तुतीइतकीच तक्रार आहे. ती स्तोत्रे जुळवणाऱ्यांनी तक्रार काढून टाकली नाही, तर आपण कोण?

दुसरी गोष्ट. कुणाला धर्म बदलायला लावण्यासाठी हे पुस्तक नाही. आमच्या खोलीत येणाऱ्यांपैकी काहींच्या गळ्यात तुळशीची माळ आहे आणि ते आषाढीला पंढरीला जातात. त्यांना मी टिळकांच्या दरबारातले मानतो. माझा विश्वास ख्रिस्तावर आहे, तो मी लपवत नाही. पण तिसरा माणूस वाटेत कुणाला, केव्हा आणि कोणत्या फाट्यावर गाठील, हे ठरवणे माझ्या हातात नाही.

नव्या वाचकाला एवढेच सांगेन की बायबल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सरळ वाचायला घेऊ नका. लेवीय या तिसऱ्या पुस्तकात पुष्कळांची गाडी अडते. मार्कापासून सुरू करा, मग लूक, मग रोज एक स्तोत्र. रमाबाईंचे भाषांतर मिळाले तर जरूर पाहा, ‘सुबोध बायबल’ जवळ ठेवा. आणि मोठ्याने वाचा, शक्य असेल तर दुसऱ्या कुणासाठी. तुम्हाला नीट वाचता येत नसेल तर फारच उत्तम, ऐकणाऱ्याचे भले होईल.

मला अडखळत मार्क वाचून दाखवणारा तो माणूस आता या वसाहतीत नाही. कारखाना बदलला, गाव बदलले, फोन लागत नाही. या पुस्तकाची एक प्रत मी कापडात न बांधता त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवली आहे. अक्षर मोठे घ्यायला छापणाऱ्याला सांगितले ते त्याच्यासाठीच.

शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर